हळदीच्या शिवारातून पेवांच्या गावापर्यंत

सांगली : झांझिबार बेटावर लवंगेच्या बागांची सहल हा पर्यटनाचा ठरलेला भाग आहे. वेलदोड्याचे मळे पाहण्यासाठी आपल्याकडील मंडळी केरळ गाठतात. हळदीचे शिवारही मुद्दाम पाहावे, असे मात्र सातारा-सांगलीत फारसे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठाने निघाल्यास या मसाल्याचा मातीपासून बाजारापर्यंतचा सारा प्रवास पाहता येतो.

त्यासाठी हंगाम साधावा लागतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते. पावसाळ्यानंतर कमरेएवढे वाढलेले पीक देखणे दिसते. परंतु पाहण्यासारखे सारे जमिनीखाली असते. जानेवारी ते मार्च या काळात पाला कापून कंद खणले जातात. मधला मोठा तो जेठा गड्डा, त्याला फुटलेली ती हळकुंडे. हळकुंडे पूर्वी गुळाच्या काहिलीत शिजवली जात. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. शिजलेल्या हळकुंडात काडी सहज आरपार गेली, की ते उन्हात पसरायचे. दहा-पंधरा दिवसांनी ते खणखणीत वाळते आणि मग फिरत्या ड्रममध्ये पॉलिश होऊन त्याला परिचित पिवळा रंग चढतो. पाच क्विंटल ओल्या हळदीतून सुमारे एक क्विंटल सुकी हळद हाती येते. ‘पी हळद अन् हो गोरी’ म्हणणाऱ्याने हा खटाटोप एकदा पाहावाच!

काढणीच्या दिवसांत शेतकऱ्याला मान वर करण्यास सवड नसते. त्यामुळे पूर्वकल्पना देऊन जाणे आणि परतताना दोन-चार किलो हळद त्याच्याकडूनच घेणे, एवढे सौजन्य पाहुण्याने पाळावे. याच सुमारास पौषात कराडजवळील पाल येथे खंडोबाची यात्रा भरते आणि भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होतो.

या प्रवासातील सर्वांत विलक्षण ठिकाण सांगलीलगतचे हरिपूर होय. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावात हळद साठविण्यासाठी जमिनीत २० ते ३० फूट खोल पेवे खणण्यात आली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पेव मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते. तोंड अरुंद, आत ऐसपैस पोकळी. येथील चिकट माती ढासळत नाही. तळाशी व कडेने उसाचा पाला अंथरून हळद भरायची आणि तोंड दगडमातीने बंद करायचे. आत प्राणवायू उरत नाही, म्हणून कीडही टिकत नाही आणि माल वर्षानुवर्षे राहतो. हाच गुण माणसाच्या मात्र जिवावर बेतू शकतो. म्हणूनच पेव उघडल्यावर कित्येक तास तसेच ठेवतात, नंतर पेटता कंदील आत सोडून पाहतात. तो विझला तर कोणीही उतरत नाही.

या पेवांना खरा तडाखा बसला तो २००५ च्या महापुरात. पाणी आत शिरून साठविलेल्या हळदीची प्रचंड हानी झाली. गोदामे आणि शीतगृहे आल्याने पेवांकडे पाठ फिरू लागली होतीच. पुराने तिला वेग दिला. २०१९ मध्ये कृष्णेने पुन्हा रौद्र रूप दाखविले. जिल्ह्याच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हळदीचा लौकिक कागदोपत्री पक्का झाला. परंतु तो लौकिक ज्यांनी सांभाळला ती पेवे नाहीशी होत आहेत.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदेही आवर्जून पाहावेत. मराठवाडा, कर्नाटक, आंध्र, तेलंगणातूनही येथे माल येतो. त्यामुळे सांगलीत विकली जाणारी प्रत्येक हळद सांगलीच्या मातीतली असतेच असे नाही. खरेदी करताना विचारून घ्यावे. हरिपुरात फिरताना मात्र गावातील जाणता माणूस सोबत असावा. वापरात नसलेल्या पेवांची तोंडे वरून चटकन लक्षात येत नाहीत.