मलेरियावाल्यांना दार उघडावंच लागतं का?

पावसाळा लागला की मुंबईतल्या चाळींत आणि सोसायट्यांत हाक ऐकू येते, ‘मलेरियावाले आलेत!’ महापालिकेची ही माणसं गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचलतात, जिन्याखालचे ड्रम उपडे करायला लावतात आणि घरात शिरली की फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून त्यात बॅटरी मारतात. मनीप्लांटची बाटलीही सुटत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते, त्यामुळे लख्ख घरातही अळ्या सापडतात आणि मग नोटीस हातात पडते. बहुतेक जण मुकाट दार उघडतात. एखादे आजोबा मात्र साखळी न काढताच विचारतात, ‘आत यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर १८८८ सालचं आहे.

त्या वर्षी झालेला मुंबई महानगरपालिकेचा कायदा, अर्थात असंख्य दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. त्याच्या कलम ४८८ नुसार आयुक्तांना पाहणी, मोजणी किंवा कायद्याने सांगितलेलं काम करण्यासाठी कुठल्याही इमारतीत वा जमिनीवर जाता येतं. आयुक्त स्वतः काही फ्रिजचे ट्रे तपासत फिरत नाहीत. ते लेखी आदेशाने हा अधिकार खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवतात. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही जवळपास याच धर्तीची तरतूद आहे. त्यासाठी न्यायाधीशाचं वॉरंट लागत नाही. पोलिसांनाही घराची झडती घेताना पंच बोलवावे लागतात, कारणं लिहून ठेवावी लागतात, हे लक्षात घेतलं तर पालिकेचा हात किती मोकळा आहे ते कळतं.

पण त्याच कलमाच्या पोटात अटी आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी आत जायचं नाही. राहतं घर असेल तर तिथे राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर आगाऊ लेखी सूचना. घरात बायकांसाठी वेगळी खोली असेल तर त्यांना दुसरीकडे जायला पुरेसा वेळ मिळेल अशा बेताने वर्दी द्यायची. आणि कामाच्या निकडीला बाध न येईल इतपत, घरातल्यांच्या सामाजिक आणि धार्मिक रीतींची बूज राखायची. साहेबाच्या राज्यात लिहिलेलं हे कलम वाचताना आश्चर्य वाटतं: सोवळंओवळं, पडदा, देवघर, सगळ्याचं भान त्यात आहे.

मेख एकाच ठिकाणी होती. यातल्या पहिल्या दोन अटी ‘अन्यथा तरतूद नसेल तर’ लागू होतात, आणि धोकादायक साथीचा संशय असेल तेव्हा दिवसा किंवा रात्री, सूचना न देताही तपासणीला जाता येईल अशी सोय त्याच कायद्यात आहे.

ती सोय वापरण्याची वेळ आठ वर्षांतच आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरमध्ये आयुक्त स्नो यांनी फर्मान काढलं की रोगी सापडला की त्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं. महिना संपायच्या आत, २९ ऑक्टोबरला, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. मग ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, आणि पालिकेच्या हातातली काठी सरकारने स्वतःकडे घेतली.

पुण्यात पुढे काय झालं ते मराठी वाचकाला पाठ आहे: प्लेग अधिकारी वॉल्टर रँड, त्याच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू, २२ जून १८९७ ची गणेशखिंड रस्त्यावरची रात्र. त्याआधीचे मार्च ते मे हे महिने मात्र घाईत मागे पडतात. झडत्या घ्यायला गोरे सोजिर होते. पेठेला वेढा पडायचा, घरामागून घर तपासलं जायचं, आजारी माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत जायचे, सामान जाळलं जायचं. बूट घालून देवघरात शिरल्याच्या, बायकांची तपासणी चारचौघांत केल्याच्या तक्रारी होत्या. नऊ वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या कायद्यात ज्या दोन गोष्टी जपायला सांगितल्या होत्या, नेमक्या त्याच इथे तुडवल्या गेल्या, असं या तक्रारी सांगतात. प्लेग खरा होता आणि झडतीमागचं कारणही खरं होतं. राग आला तो घरात शिरण्याच्या तऱ्हेचा. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात उसळलेल्या दंगलीचं निमित्तही एका आजारी मुलीची तपासणी हेच होतं.

ज्या इंग्रजी परंपरेतून हे कायदे आले, तिथे, म्हणजे ब्रिटनमध्ये, तर अशा अधिकारांची मोजदादच झाली. सरकारी माणसाला घरात किंवा जागेत शिरू देणाऱ्या तरतुदी २०१४ पर्यंतच्या आढाव्यात बाराशेहून जास्त भरल्या. शेजाऱ्याचं झुडपांचं कुंपण दोन मीटरपेक्षा उंच वाढल्याची तक्रार आली, तर ते पाहायलाही कौन्सिलचा अधिकारी बागेत येऊ शकतो. मात्र चोवीस तास आधी कळवून.

आपल्याकडे मर्यादा आखल्या त्या न्यायालयांनी. मध्यरात्री घरी जाऊन दार ठोठावण्याची उत्तर प्रदेश पोलिसांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केली. कलेक्टरने लेखी अधिकार दिलेल्या कोणाही माणसाला कागदपत्रं तपासायला आत शिरू देणारी आंध्र प्रदेशची मुद्रांक कायद्यातली दुरुस्ती २००४ मध्ये टिकली नाही. अधिकार इतका सैल सोडता येत नाही, हे तिथे स्पष्ट झालं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई पालिकेने पाली हिलवरच्या कंगना राणावत यांच्या बंगल्यावर चोवीस तासांच्या नोटिशीनंतर लगेच हातोडा चालवला, तेव्हा उच्च न्यायालयाने त्याच दिवशी काम थांबवलं. नोव्हेंबरच्या निकालात ही कारवाई आकसाची ठरली. अभिनेत्रीचा बंगला होता म्हणून गाजावाजा झाला. टपरीवाल्याला उच्च न्यायालयाचं दार इतक्या झटपट सापडत नाही.

दारातच वाद झाला तर ‘३५३ लागेल’ ही धमकी लगेच येते. जुन्या दंडसंहितेतलं ते कलम सरकारी नोकराला मारहाण किंवा बळ वापरून कामापासून रोखण्याबद्दलचं होतं. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते १३२ झालं आहे. ओळखपत्र मागणं, लेखी सूचना कुठे आहे असं विचारणं, ‘घरात म्हातारी माणसं झोपली आहेत, तासाभराने या’ असं सांगणं हे मारहाणीत मोडत नाही. वॉचमनने गेट उघडलं म्हणून फ्लॅटमधल्या माणसाची संमती मिळाली असंही होत नाही. कायद्याला संमती हवी आहे ती तिथे राहणाऱ्याची, त्यामुळे घरमालकाने फोनवरून ‘खुशाल जा’ म्हटलं तरी मलेरियावाल्यांना भाडेकरूला विचारावंच लागतं, नाहीतर आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते.