वेळ हलली, तरी गोळी हलू नये

जुन्नर-आंबेगावात घरातल्या ज्येष्ठांची काळजी शेतीच्या घड्याळावर चालते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पाठवायचा हंगाम आला, की घरचे पहाटेच शेतात जातात. कृषिपंपाच्या विजेच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. त्यात उसातला बिबट्या. अंधार पडल्यावर मळ्यातल्या वस्तीवर मदतनीस ताईंनी एकटीने ये-जा करणे धोक्याचे. त्यामुळे काळजीच्या वेळा लवचिक ठेवाव्याच लागतात. मात्र काय हलवायचे आणि काय नाही, हे आधी ठरवायला हवे.

आंघोळ, कपडे धुणे, फेरफटका थोडे मागेपुढे झाले तरी चालते. औषधांचे तसे नाही. जेवणाआधीचे इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळ, कधी बेशुद्धीही येते. पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपाची गोळी उशिरा मिळाली, तर अंग आखडते आणि पडण्याचा धोका वाढतो. स्मृतिभ्रंश असलेले ज्येष्ठ रोज नवा चेहरा पाहून बावरतात.

म्हणून औषध आणि जेवणाच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहाव्यात. बाकीची कामे त्याभोवती बसवावीत. मदतनीस सुटीवर जाणार असेल, तर बदली ताईंना आधी एक-दोन दिवस सोबत आणावे. संध्याकाळची फेरी उजेडातच संपवावी आणि रात्रीच्या गोळीची जबाबदारी घरातल्या एकाच्याच नावावर ठेवावी. ठरलेली वेळ जमतच नसेल, तर डोस परस्पर पुढे ढकलू नये. डॉक्टरांना विचारूनच वेळ बदलावी.