कळलावीच्या वेलीची लागवड

पावसाळ्याच्या आरंभी सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांच्या आधाराने वाढणारी कळलावी ही वेल शोभेसाठी अंगणातही लावता येते. तिच्या पाकळ्या प्रथम हिरवट पिवळ्या असून पुढे नारिंगी व अखेरीस लालभडक होतात. त्या उलट वळून ज्वालांसारख्या उभ्या राहतात. म्हणून हिला अग्निशिखा असेही म्हणतात. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प असून तेथे औषधी बियांसाठी हिची शेती होते.

हिचा कंद दुशाखी, नांगराच्या आकाराचा असतो. प्रत्येक शाखेच्या टोकाशी बहुधा एकच डोळा असतो. तो मोडल्यास ती शाखा उगवत नाही. याकरिता कंद हलक्या हाताने हाताळावेत. मे-जूनमध्ये, निचऱ्याच्या भुसभुशीत जमिनीत कुजलेले शेणखत मिसळून, कंद सहा ते आठ सेंटिमीटर खोल आडवे लावावेत. पाणी साचल्यास कंद कुजतात. बियांपासूनही रोपे होतात. परंतु फुलांसाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते.

पानांच्या टोकांचे तणावे होऊन वेल वर चढते. हे तणावे जाड खांबाला पकडू शकत नाहीत. म्हणून बारीक काटक्यांचा किंवा तारेचा आधार द्यावा. पाने खाणाऱ्या अळ्या दिसताच वेचून नष्ट कराव्यात. पावसाळ्यानंतर वेल वाळते. ती मेली असे समजून कंद फेकू नयेत. पाणी बंद करून ते जमिनीतच राहू द्यावेत. पुढील पावसात ते पुन्हा फुटतात.

या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंद व बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. रताळे किंवा कंदमूळ समजून हिचा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. उलट्या व जुलाब काही तासांनी सुरू होतात. या विषावर खात्रीचा उतारा नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी कंद वापरण्याची जुनी समजूत या नावातच दडलेली आहे. तो उपाय घातक असल्याचे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी समजावून सांगावे.

कंद काढताना हातमोजे वापरावेत व बियाण्याचे कंद स्वयंपाकघरापासून दूर, कुलपात ठेवावेत. जंगलातील कंद खणून आणू नयेत, रोपवाटिकेतूनच घ्यावेत. अंगणात लहान मुले खेळत असतील किंवा गुरे पोहोचत असतील, तर कळलावीऐवजी जाईची वेल लावणे हेच शहाणपणाचे होय.