एक स्कॅन झाला, मग दुसरा कशाला?



कर्करोग झालेल्या लेकरांसाठी आपण मदत मागतो, तेव्हा मंडळीतले भाऊबहीण मला विचारतात, "सीटी स्कॅन झाला ना? मग आता हा महागडा पेट-सीटी कशाला?" प्रश्न रास्त आहे.

आपण इचलकरंजीकर, तेव्हा मागाचेच उदाहरण घेऊ. कारखान्याच्या नकाशावरून माग कुठे आहेत ते कळते. पण चालू कोणते, ते खडखडाटावरूनच कळते. सीटी म्हणजे नकाशा. गाठ कुठे आणि केवढी, ते तो दाखवतो. पेट म्हणजे खडखडाट. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी साखर जास्त ओढतात. म्हणून साखरेसारखे, किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि सुमारे तासाभराने ते कुठे साठले ते टिपतात. दोन्ही चित्रे एकावर एक बसवली की गाठही दिसते आणि तिच्यातली हालचालही.

हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगात केमोथेरपीनंतरही छातीत गाठ उरलेली दिसू शकते. ती जिवंत आहे की नुसता वण, हे एकट्या सीटीवरून सांगणे कठीण. पेटमध्ये ती शांत दिसली, तर अनेक मुलांना रेडिएशन द्यावे लागत नाही. वाढत्या वयात ते टळले, तर पुढे हृदयाचा आणि थायरॉइडचा त्रास होण्याची भीती कमी होते.

या तपासणीला मर्यादाही आहेत. क्षयाची गाठसुद्धा तशीच उजळते, त्यामुळे तुकडा काढून तपासावा लागतोच. शिवाय मुलाच्या अंगात किरण जातात. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती करू नये.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात ही सोय २००४ पासून आहे. त्या औषधाची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते. उशिरा पोचलेल्यासाठी ते थांबत नाही. आधी चार ते सहा तास उपाशी राहायचे, फक्त साधे पाणी. रात्रभर प्रवास करून आलेले लेकरू भुकेने रडते, आई बिस्कीट देते, आणि तपासणी पुढे ढकलावी लागते.

म्हणून तपासणीचे पैसे दिले की आपले काम संपत नाही. आदल्या दिवशीचा मुक्काम आणि आईला तिच्या बोलीत समजावणारे सोबतीचे माणूस, यासाठीही आपला हात पुढे यावा, ही विनंती.