हस्तलिखितांचीं सूक्ष्मचित्रें आणि धवलेंतील तीन अक्षरें

मूडबिद्री येथील धवला, जयधवला व महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या जुन्या कानडी लिपींतील ताडपत्रांची नक्कल करण्यास 1896 सालीं आरंभ झाला. त्यामागें सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी व मुंबईचे शेठ माणिकचंद यांची खटपट होती. कानडी व नागरी प्रती पुऱ्या होण्यास 1922 साल उजाडलें. मध्यंतरीं एक नक्कल बाहेर पडली, तीवरून आणखी नकला झाल्या, आणि 1939 पासून डॉ. हिरालाल जैन यांनीं अमरावतीहून धवला प्रसिद्ध करण्यास घेतली ती अशा नकलांच्याच आधारें.

त्या नकलांत सत्प्ररूपणेच्या 93 व्या सूत्रांत ‘संजद’ हा शब्द नव्हता. अर्थाची संगति पाहून तो तेथें असावयास पाहिजे, असें संपादकांनीं टीपेंत सुचविलें. त्यावरून मोठा वाद माजला. कारण मनुष्यिणीच्या, म्हणजे स्त्रीच्या, संयमाधिकाराचा प्रश्न या तीन अक्षरांत गुंतलेला आहे. पुढें मूडबिद्रीच्या ताडपत्राशीं ताडून पाहतां शब्द जागच्या जागीं मिळाला. नकलेंत तो गळला होता, एवढेंच. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानें धवलेच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या त्या यानंतरच्या.

सूक्ष्मचित्राची, म्हणजे मायक्रोफिल्मची, योग्यता आम्ही या प्रसंगावरून मोजतों. ही युक्ति नवी नव्हे. 1870-71 च्या वेढ्यांत पॅरिस शहरीं कबुतरांकरवीं पत्रें गेलीं तीं अशाच सूक्ष्म छायाचित्रांतून. ग्रंथालयांत 35 मिलिमीटर रुंदीची फीत रुळली ती 1930 नंतर. आणि नेपाळांत 1970 ते 2001 या काळांत जर्मन सहकार्यानें दीड लाखांहून अधिक हस्तलिखितें फिल्मवर उतरलीं. येथें वाचून लिहिणारा मध्यें नसतो, म्हणून गाळलेला शब्दहि नसतो. पान उलटावयाचें राहिलें तर मात्र सबंध पानच जातें. यास्तव पत्रांक चित्रांत दिसलाच पाहिजे, आणि शेजारीं मोजपट्टीहि ठेवावी.

तथापि फिल्म म्हणजे पोथी नव्हे. काळ्यापांढऱ्या चित्रांत तांबडी शाई व काळी शाई यांचा भेद मावळतो. हरताळ लावून दुरुस्त केलेली जागा ओळखूं येत नाहीं. कागदाचा जलचिन्हांकित पोत तर बहुधा हरपतोच. ताडपत्रावर लेखणीनें कोरलेल्या अक्षरांतील काजळी उडाली असेल, तर समोरच्या उजेडांत पत्र कोरें दिसतें. तेथें प्रकाश बाजूनें तिरपा पाडावा लागतो.

आतां संगणकावर चित्रें सांठवितात व तें सोयीचें आहे. पण तीं उघडण्यास यंत्र व त्याची संकेतपद्धति दोन्ही टिकावीं लागतात. फिल्मला उजेड आणि भिंग पुरतें. उन्हाळ्यांत चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या सोलापुरासारख्या गांवीं मात्र ती थंड व कोरड्या जागींच ठेवावी, आणि मूळ निगेटिव्ह वाचकांच्या हातीं न देतां दुसऱ्या ठिकाणीं असावी. जुन्या अॅसिटेट फिल्मचा डबा उघडतांच शिरक्याचा आंबूस वास आला, तर तो डबा त्याच दिवशीं इतरांपासून वेगळा काढावा आणि त्या फिल्मची दुसरी प्रत करून घ्यावी.