स्काऊट-गाईड पथकांचे स्वयंसेवी नेते

राज्यातील पुष्कळशा शाळा शनिवारी सकाळी भरतात. शेवटची घंटा झाली की बहुतेक मुले दप्तरे उचलून घराकडे धाव घेतात. गळ्यात स्कार्फ बांधलेली वीस-पंचवीस मुले मात्र मैदानावर नालाकृती रचनेत उभी राहतात. त्यांच्यासमोर उभे असलेले गुरुजी सकाळपासून वर्ग घेऊन आलेले असतात. मैदानावरील या वेळेचे त्यांना वेतन मिळत नाही, आणि ते मिळावे अशी या चळवळीची कल्पनाही नाही. स्काऊट आणि गाईड चळवळ जगभर उभी आहे ती प्रौढांनी स्वखुशीने दिलेल्या अशा वेळावर. हा वेळ देणाऱ्या स्काऊटमास्टर, गाईड कॅप्टन, कबमास्टर आणि फ्लॉक लीडर यांच्यापुढे कोणत्या अडचणी येतात, हे शाळा आणि ग्रामपंचायती चालविणाऱ्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे. कारण त्यांपैकी बऱ्याच अडचणी दूर करणे त्यांच्याच हाती आहे.

१९०७ साली लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर वीस मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. भारतात पहिली पथके १९०९ च्या सुमारास निघाली. परंतु आरंभी त्यांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. ही उणीव डॉ. अ‍ॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभारून भरून काढली. १९१८ च्या प्रयाग कुंभमेळ्यात सेवा समितीच्या स्काऊटांनी यात्रेकरूंची सेवा केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटनांचे एकीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्स संघटना तिच्यात सामील झाली. या साऱ्या इतिहासात मुलांची पथके चालविणारे लोक हे स्वतः होऊन पुढे आलेले होते, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नेमणूक आणि स्वेच्छा

आज महाराष्ट्रातील बहुसंख्य पथके शाळांशी जोडलेली आहेत आणि त्यांचे नेते शिक्षक आहेत. या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. मुले, मैदान आणि पालकांचा विश्वास या तीनही गोष्टी शाळेपाशी आयत्या असतात. अडचण उद्भवते ती निवडीच्या वेळी. मुख्याध्यापकांना पथकाची नोंदणी करावयाची असते आणि त्यासाठी कोणाचे तरी नाव द्यावे लागते. मग जो शिक्षक सर्वांत नवा असेल, किंवा ज्याला नाही म्हणणे जमत नसेल, त्याचे नाव लिहिले जाते. अशा रीतीने स्वयंसेवेचे रूपांतर हुकमात होते. हुकमाने कवायत होऊ शकते. झाडाखाली बसून मुलांबरोबर दोराच्या गाठी मारीत तास घालविण्याची हौस हुकमाने येत नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली आहे. स्काऊटिंग हे अशैक्षणिक काम नव्हे, असे कोणीही सांगेल. परंतु ते शैक्षणिक काम आहे असे मानून वेळापत्रकात त्याला जागा देणाऱ्या शाळा किती निघतील? पथकनेता या दोहोंच्या मधोमध सापडतो. त्याचे काम सर्वांना हवे असते, पण ते कामात मोजले जात नाही.

सत्तावीस महिन्यांचा हिशेब

स्काऊट व गाईड यांची प्रगती पायऱ्यापायऱ्यांनी होते. नवागत मुलाला दीक्षाविधीपूर्वी निदान तीन महिने पथकात काढावे लागतात. त्यानंतर प्रथम सोपानास सहा महिने, द्वितीय सोपानास नऊ आणि तृतीय सोपानास आणखी नऊ महिने लागतात. म्हणजे राज्य पुरस्काराच्या वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वीच सत्तावीस महिने उलटतात, आणि हा हिशेब परीक्षा, सुट्ट्या व पावसाळा यांमुळे होणारा खोळंबा न धरता केलेला आहे. तेवढा काळ तोच नेता पथकापाशी राहिला तर मुले शेवटापर्यंत पोहोचतात. प्रत्यक्षात मधेच त्याची बदली होते. नव्या गावी त्याच्या प्रशिक्षणाचा उपयोग होईलच असे नाही, कारण तेथे पथकच नसते. आणि जुन्या गावी द्वितीय सोपानावर असलेली मुले तेथेच थांबतात.

प्रशिक्षणाचाही असाच प्रश्न आहे. प्राथमिक आणि प्रगत अभ्यासक्रम निवासी असतात व प्रत्येकासाठी सुमारे आठवडाभर घराबाहेर राहावे लागते. त्यापुढे हिमालय वुड बॅज हा टप्पा आहे. लाकडी मण्यांच्या या मानचिन्हाची परंपरा इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे १९१९ साली झालेल्या पहिल्या वर्गापासून चालत आलेली आहे. अभ्यासक्रमास निघालेल्या शिक्षकाचे वर्ग त्या आठवड्यात कोणी घ्यावयाचे, हा साधा प्रश्न दोन शिक्षकी शाळेत फार अवघड होऊन बसतो. शिक्षिकांच्या बाबतीत तर घरचे पाश अधिक घट्ट असतात. मुलींच्या पथकाची प्रमुख स्त्रीच असावी लागते. त्यामुळे ज्या शाळेत शिक्षिका नाही, किंवा जी आहे तिला आठवडाभर घर सोडता येत नाही, तेथे गाईड पथक निघतच नाही. मुलांचे पथक आहे आणि मुली कुंपणाशी उभ्या राहून पाहत आहेत, असे दृश्य याच कारणाने दिसते.

अशा परिस्थितीत कागदावरची पथके निर्माण होतात. नोंदणी शुल्क भरले जाते आणि २६ जानेवारीच्या संचलनापुरते गणवेश पेटीतून बाहेर निघतात. यात एकट्या पथकनेत्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही. वर्षातून दोनदा पथक दाखवा, एवढीच मागणी त्याच्याकडे केली गेलेली असते.

संघपद्धती

विशेष म्हणजे नेत्याचा भार हलका करण्याची युक्ती या चळवळीच्या मूळ रचनेतच आहे. ब्राऊनसी बेटावरील वीस मुलांचे चार संघ करण्यात आले होते आणि प्रत्येक संघाचा नायक एक मुलगाच होता. आजही सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा संघनायक, आणि संघनायकांनी एकत्र बसून पथकाचे निर्णय घेण्याची ‘कोर्ट ऑफ ऑनर’ ही सभा, अशीच रचना आहे. या सभेत प्रौढ नेत्याने शक्यतो ऐकावे, असे अपेक्षित असते. गाठी, प्रथमोपचार, खुणांचे मार्गशोधन हे संघनायकाने आपल्या संघाला शिकवावयाचे असते.

परंतु वर्गात चाळीस मुलांना एकाच वेळी शिकविण्याची सवय झालेल्या शिक्षकाला मैदानावरही तेच करावेसे वाटते. तो शिट्टी वाजवितो, रांगा लावतो, एकच गाठ सर्वांना एकदम दाखवितो. दीड तासाने घसा बसतो आणि तीन-चार मुलांनाच गाठ आलेली असते. तेच काम त्याने आधी चार संघनायकांना शुक्रवारी मधल्या सुटीत शिकविले असते, तर शनिवारी त्याला झाडाखाली उभे राहून पाहता आले असते. मुलांच्या हाती काम सोपविणे हे शिक्षकाला सर्वांत कठीण जाते, आणि प्रशिक्षण वर्गांत अधिक भर द्यावयाचा तो याच गोष्टीवर. आणखी एक लाभ असा की, नेत्याची बदली झाली तरी तयार झालेले संघनायक पथक काही महिने तग धरवू शकतात.

शिबिर आणि जबाबदारी

मुलांना पथकाची ओढ असते ती शिबिरासाठी. तंबू, शेकोटी, स्वतः रांधलेली अर्धी कच्ची खिचडी यांची आठवण मुले जन्मभर काढतात. पथकनेत्याची मात्र त्या रात्री झोप उडालेली असते. पालकांची लेखी संमती, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे अंतर, विहीर आणि नदीपात्र यांपासूनचा बंदोबस्त, हे सर्व त्याने पाहावयाचे असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानंतर प्रौढांच्या वर्तनाविषयीची दक्षताही अधिक काटेकोर झाली आहे, आणि ते योग्यच आहे. प्रौढ आणि मुले यांची झोपण्याची व्यवस्था वेगळी ठेवणे, कोणत्याही मुलाबरोबर एकट्या प्रौढाने आडोशाला न राहणे, हे नियम नेत्याचेही रक्षण करतात. मात्र त्यासाठी शिबिरात निदान दोन जबाबदार प्रौढ हवेत. एकट्या गुरुजींना तीस मुलांसह पाठविणाऱ्या शाळेने हा विचार केलेला नसतो. काही नेते या धास्तीने मुक्कामाचे शिबिर घेणेच सोडून देतात आणि दिवसाच्या सहलीवर भागवितात.

पैशाची बाब थोडक्यात सांगता येईल. दोर, काठ्या, ध्वज, तंबूचे भाडे यांसाठी किरकोळ खर्च नेत्याच्या खिशातून होत राहतो. ‘खरी कमाई’ हा उपक्रम या खर्चावरचा उत्तम उपाय होऊ शकतो. परंतु मुलांनी श्रम करून कमवावे हा त्याचा हेतू मागे पडून, आईने घरी केलेले पदार्थ शाळेच्या आवारात विकण्याचा तो मेळा होऊ लागला आहे. कमाई होते, पण ती आईची असते.

गावाचा वाटा

पथक शाळेचेच असले पाहिजे असा नियम नाही. शाळेबाहेर चालणारी खुली पथकेही नियमांत बसतात. गावातील निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, आरोग्यसेविका, किंवा रोव्हर-रेंजर म्हणून वाढलेले तरुण-तरुणी यांतून पथकाला दुसरा प्रौढ मिळू शकतो. मुलींच्या पथकासाठी तर हा मार्ग विशेष उपयोगी आहे. ग्रामपंचायतीला यासाठी मोठा निधी लागत नाही. सामान ठेवण्यास कुलपाची एक खोली, शिबिरापुरता पाण्याचा टँकर, आणि वर्षातून एकदा पालकांची सभा एवढ्याने सुरुवात होते.

बदलीच्या वेळी सध्या मुख्याध्यापक पदभाराची यादी तयार करतात. तीत बाके आणि नकाशे मोजले जातात. त्याच यादीत पथकाची हजेरीवही, प्रत्येक मुलाने कोणता सोपान कोणत्या तारखेस पुरा केला याची नोंद, शिल्लक रक्कम आणि पेटीतील सामान यांचा समावेश केला, व शक्य तेथे जाणाऱ्या नेत्याने येणाऱ्याबरोबर एक शनिवार मैदानावर घालविला, तर द्वितीय सोपानावर थांबलेल्या मुलांना पहिल्यापासून मोजणी करावी लागणार नाही.