चेनसॉ घेताय? मग पायाचं कवच त्याच बिलात घ्या

यवतमाळकडच्या मुलांकडून सध्या एका धंद्याबद्दल बरंच विचारलं जातं: चेनसॉ घेऊन झाडं तोडून द्यायची, फांद्या छाटून द्यायच्या. धंदा चांगला आहे. धुऱ्यावरची बाभूळ, घरावर झुकलेला कडुलिंब, वादळात पडलेलं झाड, काम कुठे ना कुठे असतंच. भांडवलही फार लागत नाही. पण हिशेबाचा कागद पाहिला की त्यावर मशीन, पेट्रोल, ऑइल, जादा चेन, सगळं असतं. अंगावर काय घालायचं ते मात्र नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, आपल्या इकडच्या उन्हात कोण घालते जी ते?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, कारण या जिल्ह्याने त्याची किंमत मोजलेली आहे. २०१७ चा खरीप आठवा. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीची धास्ती, आणि फवारणी करणारे बहुतेक जण साध्या कपड्यांत. ना मास्क, ना चष्मा, ना हातमोजे. त्या हंगामात जिल्ह्यात वीसच्यावर शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो जण रुग्णालयात भरती झाले. कारणं अनेक होती: औषधांचं मिश्रण, जोरात फवारणारे पंप, उंच पीक. पण मला त्यातली एक गोष्ट धंदेवाल्याने लक्षात ठेवावी अशी वाटते. फवारणारा पुष्कळदा रोजंदारीचा मजूर होता. वावर दुसऱ्याचं, औषध दुसऱ्याचं. मग मास्क कोणी आणायचा? चेनसॉच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: तुम्ही. मशीन तुमचं, दर तुम्ही ठरवला, पोरं तुम्ही लावली.

आता मशीनचं बघू. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला साधारण वीस मीटर वेगाने फिरते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन झटक्यात वर आणि मागे, तुमच्या तोंडाकडे येतं. याला किकबॅक म्हणतात. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून आवळलेला हवा, पुढचा चेन ब्रेक रोज तपासलेला हवा, आणि खांद्याच्या वर मशीन उचलून कापायचं नाही. एका हाताने तर कधीच नाही. (विजेच्या तारांजवळचं काम आलं तर सरळ नाही म्हणा, आधी वीज कंपनीला लाइन बंद करू द्या.)

चेनसॉच्या जखमांत पायाचा, विशेषतः मांडी आणि गुडघ्याचा, वाटा मोठा असतो. जाड जीन्स घातली की झालं, असं अनेकांना वाटतं. जीन्स चेनसमोर कागदासारखी आहे. चेनसॉसाठीच्या चॅप्सचं काम वेगळंच चालतं. त्यांच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन चेनमध्ये, स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन जाम होते. पाय कापला जाण्याआधी मशीन थांबावं, एवढाच त्यांचा उद्देश. म्हणून एकदा कापल्या गेलेल्या चॅप्स शिवून पुन्हा वापरायच्या नाहीत, आणि त्या ऑइलने माखू द्यायच्या नाहीत. घेताना आयएसओ ११३९३ हे मानक आणि क्लास पाहा; क्लास १ म्हणजे सेकंदाला वीस मीटर वेगाच्या चेनवर तपासलेलं कापड. तुमच्या मशीनचा चेनचा वेग त्याहून जास्त असेल तर वरचा क्लास घ्या.

आणि ऊन? चॅप्स मागून उघड्या असतात, पूर्ण पँटपेक्षा हवा जास्त लागते. यवतमाळच्या मे महिन्यासाठी मी चॅप्सच घ्या म्हणेन. काम पहाटे सुरू करा, दहा-साडेदहाला आवरा. दिवसाला दोन झाडं कमी होतील, तेवढं दरात धरा. संध्याकाळपर्यंत राबवायचं ठरवलंत तर बारा वाजता पोरगा चॅप्स काढून झाडाखाली ठेवणार आणि तुम्ही त्याला काही बोलू शकणार नाही.

बाकीचं थोडक्यात. जाळीची झडप आणि कानाचे मफ असलेलं हेल्मेट, पकड बसेल असे हातमोजे, पुढे स्टीलची टोपी असलेले बूट. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, तेव्हा मफ लागतातच. पण मग जोडीदाराची हाक ऐकू येत नाही. हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या आणि झाड पडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नको. आपल्याकडे तोंडाला दुपट्टा बांधायची सवय आहे. तो बांधाच, पण टोकं शर्टाच्या आत खोचा. लोंबतं टोक चेनमध्ये गेलं तर मशीन मानेपर्यंत यायला वेळ लागत नाही.

खर्च जड वाटतो? समजा पूर्ण संच आठ हजारांना पडला आणि तो तुम्ही दोनशे दिवस वापरला. दिवसाला चाळीस रुपये झाले. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरून अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. तुमचं आणि सोबतच्या प्रत्येकाचं बँक खातं त्याला जोडून घ्या.

सागाचं काम आलं तर मालकाकडे तोडीची परवानगी आहे का, ते आधी पाहा. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा स्वतःच्या शेतातल्या सागालाही लागू आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

आणि दुकानात गेलात की मशीन सुरू करून पाहण्याआधी चॅप्स आणि हेल्मेट घालून दुकानाबाहेर उन्हात पंधरा मिनिटं उभे राहा. वाका, बसा, दोन-चार पायऱ्या चढा. टोचत असेल, घसरत असेल तर दुसरं माप मागा.